रश लिंबॉ कोण होता आणि त्याच्यामुळे अमेरिकेत एवढं काय बदललं

अमेरिकेत इलेक्शन आलं की आमच्या बेळगावात पण चर्चा रंगते, आता घरटी एक पोरगं बेंगलोरला नाहीतर डलासला असतंय त्यामुळे विषय तसा परका राहिलेला नाही, आणि मग कोणीतरी विचारतंच की एवढी शिकलेली माणसं तिकडं, मग ट्रम्पच्या असल्या बोलण्यावर टाळ्या कशा काय वाजवतात ओ? मी अशा वेळी एक नाव सांगतो. रश लिंबॉ. समोरचा नुसता बघत बसतो, कारण आपल्याकडे हे नाव कुणाच्या कानावरून गेलेलंच नाही. आणि तिकडं या माणसाने ३२ वर्षं, सोमवार ते शुक्रवार, दुपारी १२ ते ३, रेडिओवर एकट्याने बोलून अख्ख्या रिपब्लिकन पक्षाचं, म्हणजे ट्रम्पच्या पक्षाचं, बोलणं बदलून टाकलं. निवडणूक कधी लढवली नाही, साधा नगरसेवक सुद्धा नव्हता.

त्याच्यावर जे काही लिहिलेलं असतं ते एकतर आरती असते नाहीतर शिव्या. मला दोन्हीत रस नाही. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस आधी रेडिओवाला होता आणि राजकारण त्यानंतर, आणि तो एवढा मोठा झाला त्यामागे त्याच्या मतांपेक्षा एक रद्द झालेला नियम, एक मरायला टेकलेला धंदा आणि जाहिरातीचा एक हुशार हिशोब जास्त आहे. ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

जन्म १२ जानेवारी १९५१, मिसूरी राज्यातलं केप जिरार्डो, मिसिसिपी नदीकाठचं मध्यम गाव. घराणं वकिलांचं. आजोबा वकील, वडील वकील, काका पुढे फेडरल जज्ज झाले, धाकटा भाऊ पण वकील. आजोबांचं नाव म्हणजे एवढं की आज तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला तेच नाव आहे (नातवाचंही नाव तेच, आजोबांचंच ठेवलेलं). आता अशा घरात पोरगं म्हणालं की मला कॉलेज नको, रेडिओवर गाणी लावायची आहेत, तर घरात काय वातावरण झालं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही आईबापाला वेगळं सांगायला नको. हायस्कूलमध्ये असतानाच गावातल्या स्टेशनवर चिकटला, त्या स्टेशनमध्ये वडिलांची भागीदारी होती म्हणून जमलं. कॉलेज वर्षभरात सोडलं.

पुढची दहा-बारा वर्षं बघितली तर कोणी म्हणणार नाही की हा माणूस मोठा होणार. १९७१ मध्ये पिट्सबर्गजवळच्या एका स्टेशनवर गेला, जेफ क्रिस्टी असं खोटं नाव लावून, तिकडं डीजे लोक अशी नावं घेत असत. काढून टाकला. दुसऱ्या स्टेशनवर गेला, तिथूनही गच्छंती. कॅन्सस सिटीला आला, तिथं पण तेच. शेवटी १९७९ मध्ये रेडिओच सोडला आणि कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल टीमच्या ऑफिसात लागला, ग्रुपने तिकिटं विकायची, मॅचच्या आधी कार्यक्रम बसवायचे, असली कामं. वय तिशीच्या आसपास. १९८३ ला परत रेडिओत, परत हकालपट्टी. मग १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला केएफबीके स्टेशनवर एक जागा रिकामी झाली, आधीच्या होस्टला चिनी लोकांबद्दल अपमानास्पद बोलल्यामुळे जावं लागलं होतं. तिथं याला पहिल्यांदा मोकळीक मिळाली की बाबा तुला पटेल ते बोल. गाणी नाहीत, पाहुणे नाहीत, नुसतं याचं बोलणं आणि लोकांचे फोन. तीन-चार वर्षांत त्या शहरात हा स्टार झाला.

आता तो नियम, आणि इथं जरा सावकाश वाचा कारण सगळ्याची मेख इथं आहे.

अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर नजर ठेवणारं एक सरकारी कमिशन आहे, एफसीसी. १९४९ पासून त्यांचा फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा नियम होता. लायसन्स मिळालेल्या स्टेशनने वादाच्या सार्वजनिक विषयांना वेळ द्यायचा, आणि देताना विरुद्ध बाजूलाही जागा द्यायची. बऱ्याच लोकांना वाटतं की याला दहा मिनिटं दिली की त्याला पण घड्याळ लावून दहा मिनिटं. तसं नव्हतं, कशी द्यायची कधी द्यायची ते स्टेशनने ठरवायचं, पण एकच बाजू रेटत बसायचं नाही एवढं नक्की. मागचं कारण असं की हवेतल्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच, त्या जनतेच्या मालकीच्या, ज्याला लायसन्स मिळालं त्याने ती आपल्या बापजाद्याची असल्यासारखी वापरू नये. १९६४ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या रेड लायन नावाच्या छोट्या गावातल्या स्टेशनवर एका पाद्र्याने एका लेखकावर सडकून टीका केली, लेखक म्हणाला मला उत्तराला फुकट वेळ द्या, स्टेशन म्हणालं देत नाही जा, आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९६९ ला निकाल लागला, एकमताने, स्टेशनच्या विरुद्ध.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा नियम समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, एसट्या बंद. त्या संध्याकाळी आपल्यापैकी बहुतेक घरात रिमोट हातात घेऊन आधी मराठी चॅनेल आणि मग कन्नड चॅनेल असं आलटून पालटून चालू होतं, कारण आपल्याला दोन्ही भाषा कळतात. घटना एकच, पण मराठी चॅनेलवर टोलनाका फिरून फिरून दाखवतायत आणि कन्नड चॅनेलवर पुण्याच्या बस. ज्याला एकच भाषा येते त्याच्या डोक्यात अर्धाच दिवस शिरणार. फेअरनेस डॉक्ट्रिन म्हणजे काय, तर एकाच चॅनेलला दुसऱ्या अर्ध्याची पण कुठेतरी दखल घ्यायला लावणं.

तर १९८७ मध्ये हा नियम एफसीसीने स्वतःच काढून टाकला. रेगन साहेब प्रेसिडेंट होते तो काळ, सरकारने धंद्यात लुडबुड करू नये हे वारं जोरात. संसदेने नियमाचा कायदाच करायचा प्रयत्न केला होता, दोन्ही सभागृहात पासही झाला, पण रेगननी व्हेटो मारला. नियम काढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पण अगदीच टाकाऊ नव्हता बरं का, ते म्हणत की या नियमाच्या भीतीने स्टेशनवाले वादाच्या विषयाला हातच लावत नाहीत, कोण तक्रारी निस्तरत बसणार.

नियम गेला त्या वेळी एएम रेडिओ, म्हणजे आपण ज्याला मीडियम वेव्ह म्हणतो तो, तिकडं शेवटच्या घटका मोजत होता. धारवाड आणि सांगली आकाशवाणी ऐकत मोठी झालेली जी पिढी आहे त्यांना तो खरखरीचा आवाज माहीत आहे. गाणी सगळी एफएमवर गेली कारण तिथं आवाज स्वच्छ, आणि एएमच्या हातात शेकडो स्टेशनं राहिली ज्यांच्याकडे दिवसभर वाजवायला काही नाही. पण माणसाचं नुसतं बोलणं खरखरीत सुद्धा ऐकता येतं. शिवाय सॅटेलाइटमुळे एका जागी बसून देशभर कार्यक्रम पाठवणं स्वस्त झालं होतं.

एड मॅकलॉफलिन म्हणून एबीसी रेडिओचा एक माजी प्रेसिडेंट होता, त्याला हे सगळं एकत्र दिसलं. तो लिंबॉला सॅक्रामेंटोहून न्यूयॉर्कला घेऊन आला आणि १ ऑगस्ट १९८८ ला देशभराचा शो सुरू केला, सुरुवातीला फक्त ५६ स्टेशनांवर. धंद्यातले जाणकार म्हणत होते की दिवसाउजेडी टॉक शो गावातलाच लागतो, लोकांना आपल्या गावचे रस्ते-पाणी ऐकायचं असतं, न्यूयॉर्कचा माणूस कोण ऐकणार. आणि पैशाचं गणित तर एकदम आपल्याकडच्या वाट्याने लावलेल्या शेतासारखं होतं, जमीन तुमची, कष्ट आणि बियाणं माझं, पीक वाटून घेऊ. स्टेशनला शो फुकट, बदल्यात तासातली जाहिरातीची काही मिनिटं लिंबॉच्या कंपनीची, ती ते देशभरच्या जाहिरातदारांना विकणार, उरलेली मिनिटं स्टेशनने गावातल्या दुकानदारांना विकावी. बुडायला टेकलेल्या स्टेशन मालकाला यात नाही म्हणायला काय आहे सांगा. होस्टचा पगार नाही, तीन तास भरले, वर जाहिरात. नव्वदच्या दशकात हा आकडा सहाशे स्टेशनांच्या वर गेला.

१९९६ ला टेलिकॉमचा नवा कायदा आला आणि एका कंपनीने देशात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच उठली, मग एकेका कंपनीकडे शेकडो स्टेशनं, त्यातल्या क्लिअर चॅनेलकडे तर बाराशेच्या आसपास, आणि अशा कंपनीला गावोगावी होस्ट ठेवण्यापेक्षा एकच हिट शो सगळीकडे लावणं परवडतं. गावातला रेडिओवाला घरी बसला तो असा. यात उजवं-डावं काही नाही.

पण नुसत्या गणिताने लोक तीन तास ऐकत नाहीत, हे पण खरं. माणसाकडे कला होती. अमेरिकेतला कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे ढोबळमानाने काय, तर टॅक्स कमी, सरकार लहान, बंदूक बाळगायचा हक्क, चर्च, गर्भपाताला विरोध. हे सगळं १९८८ पर्यंत तिकडं कोट-टायवाले विद्वान लोक जड भाषेत बोलत. लिंबॉने तेच डीजेच्या ढंगात आणलं, मध्येच गाण्याचं विडंबन, मध्येच कागदाचा आवाज माइकवर, टेबलावर थापा, स्वतःची वाट्टेल तशी फुशारकी. आपली बुद्धी देवाकडून उसनी आणलेली आहे असं म्हणायचा. आपल्या नेटवर्कला भारदस्त नाव दिलं होतं, एक्सलन्स इन ब्रॉडकास्टिंग, तसं नेटवर्क प्रत्यक्षात कुठं नव्हतंच. फोन करणारे त्याचं कौतुक करण्यात वेळ घालवायला लागले तेव्हा नुसतं डिटो म्हणायची पद्धत पडली आणि त्याचे श्रोते स्वतःला डिटोहेड म्हणवून घ्यायला लागले. काही हॉटेलांनी तर दुपारच्या जेवणाच्या वेळी त्याचा शो ऐकायला वेगळी खोली ठेवली होती, रश रूम म्हणत त्याला.

आणि ऐकणारे कोण? ट्रकवाले, सेल्समन, वर्कशॉपवाले, शेतात ट्रॅक्टरवर बसलेले, ज्यांना वाटायचं की टीव्हीवरचे न्यूयॉर्कचे शहाणे लोक आपल्याला अडाणी समजतात. या माणसाने रोज त्यांना सांगितलं की तुम्ही अडाणी नाही, तेच खोटे आहेत. आपलं म्हणणं वरपर्यंत कोणी पोचवत नाही ही खंत काय असते ते सीमाभागातल्या मराठी माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही, १९५६ पासून आपण ती घेऊन बसलोय. म्हणून मला त्या ट्रकवाल्यांचा राग येत नाही. पण त्या खंतीवर कोणी रोज तीन तास जाहिराती विकत असेल तर ती खंत मिटण्यात त्याचा फायदा नसतो, हेही तितकंच.

१९९२ ला प्रेसिडेंट बुश, म्हणजे थोरले, यांनी त्याला व्हाइट हाउसवर मुक्कामाला बोलावलं आणि त्याची बॅग स्वतः उचलून आत नेली असं सांगतात. त्याच वर्षी टीव्ही शो पण सुरू झाला, तो बनवणारा रॉजर एल्स, ज्याने पुढे १९९६ मध्ये फॉक्स न्यूज हे उजव्या विचारांचं चॅनेल उभं केलं. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकननी हाउसमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकसभेसारख्या सभागृहात, ५४ जागा जादा घेतल्या, ४० वर्षांनी बहुमत मिळालं, आणि नव्याने निवडून आलेल्या खासदारांनी लिंबॉला आपल्या बॅचचा मानद सदस्य करून टाकलं. 

२००९ चा प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. ओबामा शपथ घ्यायच्या आधीच लिंबॉ म्हणाला की ते अपयशी व्हावेत अशी माझी इच्छा आहे. रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष मायकेल स्टील एका मुलाखतीत म्हणाला की अहो तो एंटरटेनर आहे हो, भडकावतो, वाईट बोलतो. दोन दिवसात अध्यक्षाला माफी मागावी लागली. पक्षाच्या अध्यक्षाने, रेडिओवाल्याची!

वंगाळ बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऐंशीच्या शेवटी एड्सने मरणाऱ्या गे लोकांवर तो गाणी लावून थट्टा करायचा, ते मात्र त्याने पुढे बंद केलं आणि खेदही व्यक्त केला. स्त्रीवादी बायकांना नाझींच्या पंगतीला बसवणारा शब्द त्याने घरोघरी पोचवला. २००३ ला ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनेलने अमेरिकन फुटबॉलच्या मॅचआधीच्या कार्यक्रमात बोलायला घेतलं तर काही आठवड्यांतच एका काळ्या क्वार्टरबॅकबद्दल (टीमचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू) म्हणाला की हा काळा आहे म्हणून मीडिया याला डोक्यावर घेते, आणि राजीनामा द्यावा लागला. २००६ मध्ये पार्किन्सन झालेल्या अॅक्टर मायकेल जे. फॉक्सच्या थरथरण्याची नक्कल केली. २०१२ मध्ये एक लॉ शिकणारी मुलगी गर्भनिरोधकांचा खर्च इन्शुरन्सने द्यावा म्हणून खासदारांपुढे बोलली तर तिला तीन दिवस रेडिओवर घाणेरड्या शिव्या दिल्या. या वेळी मात्र जाहिरातदार पळायला लागले तेव्हा माफी आली. गणित बघा, लोकांच्या रागाने काही झालं नाही, जाहिरात गेली तेव्हा झालं.

त्याच्या आयुष्यातला विचित्र भाग म्हणजे २००१ मध्ये तो जवळजवळ ठार बहिरा झाला. रेडिओवाला आणि बहिरा. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आतल्या कानावर हल्ला करायचा आजार. तरी शो थांबवला नाही, फोनवरचा माणूस काय बोलतो ते सहकारी टाइप करून स्क्रीनवर द्यायचे आणि हा उत्तर द्यायचा, नंतर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलं. इथं मात्र मानलं. पण दोन वर्षांत, ऑक्टोबर २००३ ला, शोवरच कबूल केलं की पाठीच्या दुखण्यासाठी घेतलेल्या पेनकिलरचं व्यसन लागलंय आणि उपचाराला चाललोय, आणि याच माणसाने पूर्वी टीव्हीवर ठासून सांगितलेलं की ड्रग घेणाऱ्यांना पकडून आत टाका. सरकारी वकिलाने त्याचे डॉक्टरकडचे कागद जप्त केले तेव्हा त्याच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं तर एसीएलयू, नागरी हक्कवाली संघटना, जिची टिंगल करत त्याने कितीतरी दुपारी घालवल्या. २००६ ला समझोता झाला, उपचार चालू ठेवायचे आणि खटला मागे. श्रोते कमी झाले का? नाही. उलट २००८ ला आठ वर्षांचं नवीन कॉन्ट्रॅक्ट, जवळपास ४० कोटी डॉलरचं, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले सतराशे कोटी रुपये तरी झाले.

आपल्याकडे असा माणूस रेडिओवर का झाला नाही असं एका पोराने मला विचारलं. होऊच शकत नाही. २००१ ला बेंगलोरमधून पहिलं खाजगी एफएम सुरू झालं, पण आजही खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं. म्हणून आपले एफएमवाले नुसते गाणी आणि प्रँक कॉल. आपल्याकडचे असले आवाज आधी टीव्हीच्या रात्री नऊच्या डिबेटमध्ये गेले आणि आता यूट्यूबवर, जिथं मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत माइकसमोर बसून तास तास बोलणारे ढिगाने आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी लिंबॉचं नाव ऐकलं नसेल, पण पाहुणा न बोलवता एकट्याने रोज ठरलेल्या वेळी बोलायचं, ऐकणाऱ्याला आपल्या टोळीचा करायचं, समोरच्या पक्षाला टोपणनाव ठेवायचं, ही पद्धत त्याची.

शेवट फुप्फुसाच्या कॅन्सरने झाला. सिगार ओढायचा, सिगारच्या मासिकाच्या कव्हरवर सुद्धा झळकलेला, आणि सिगरेटच्या धोक्याबद्दलच शंका काढायचा. आमच्या निपाणीकडे तंबाखूवर घरं उभी राहिली, पण तंबाखू लावणारा शेतकरी पण पोराला ओढू नको म्हणतो. ३ फेब्रुवारी २०२० ला त्याने आजार जाहीर केला, दुसऱ्याच दिवशी ट्रम्पनी संसदेतल्या भाषणात सगळ्यांसमोर मेलानियाच्या हातून त्याला मेडल ऑफ फ्रीडम घातलं, म्हणजे तिकडचा सर्वोच्च नागरी सन्मान. त्याच महिन्यात हा रेडिओवर सांगत होता की कोरोना म्हणजे साधी सर्दी. १७ फेब्रुवारी २०२१ ला गेला, वय ७०, बातमी बायकोने त्याच्याच शोवर सांगितली. त्या जागेवर जून २०२१ पासून दोघे बसतात, क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन.

आता एक गंमत ऐका. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमुळे एएम रेडिओत खरखर येते म्हणून काही कंपन्यांनी नव्या गाड्यांतून एएम काढायला सुरुवात केली. झालं, गोंधळ उडाला, कारण उजव्या टॉक शोचा श्रोता गाडीतच बसलेला असतो. २०२३ मध्ये संसदेत बिल आलं की प्रत्येक गाडीत एएम रेडिओ सक्तीने असलाच पाहिजे. मांडणारे दोन्ही पक्षांचे होते, कारण वादळ-पुरात सरकारी सूचना एएमवर येतात. पण रिपब्लिकनांकडून पुढे होता टेड क्रूझ, आणि त्याची तक्रार अशी की एएम गेलं तर कॉन्झर्वेटिव्ह लोकांचा आवाज जाईल. म्हणजे १९८७ ला सरकारने रेडिओवाल्याला काही सक्ती करू नये म्हणून ज्या पक्षाने नियम घालवला, त्याच पक्षाची माणसं आता मोटार कंपनीला सरकारी सक्ती करा म्हणतायत. फोर्डने तर बिलाची वाट न बघताच माघार घेऊन गाड्यांत रेडिओ परत बसवला.